कायदा होऊन 60 वर्षं झाली, मग अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांच्या मिळकतीत अजून एवढी दरी का?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "मुलगा 6 वर्षांपूर्वी न्यू जर्सीला गेला, गेल्या वर्षी एडिसनला त्याचं घर झालं. आम्ही दोघं 3 महिने राहून आलो. नेवार्क पाहिलं, ट्रेंटन पाहिलं, तिथल्या काळ्यांच्या गरीब वस्त्या पाहिल्या. भेदभावाविरुद्धचा कायदा तिथे 1964 पासून आहे. आपली मुलं परक्या देशात जाऊन 6 वर्षांत उभी राहतात, मग तिथेच जन्मलेल्या काळ्या लोकांना 60 वर्षांत का जमलं नाही? भेदभाव खरंच उरलाय, की कष्टाची सवय नाही? मुलाच्या कंपनीत यावर दरवर्षी 2 तासांचं ट्रेनिंग असतं, त्याचा काही उपयोग होतो का?"

मी मूळची सांगलीची. न्यू जर्सीत 21 वर्षं झाली, त्यातली 17 एकाच कामात गेली: कंपन्यांची नोकरभरती तपासणं. अर्ज किती आले, कोण कुठल्या पायरीवर गळलं, पगार कुणाला किती ठरला, हे सगळं एक्सेलमध्ये मांडायचं आणि कुठल्या पायरीवर एकाच रंगाची माणसं जास्त गळतात ते शोधायचं. तुमचा प्रश्न मला मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत, दरवर्षी कुणीतरी विचारतं. तुम्ही तो निदान सभ्य शब्दांत विचारलात. (मी 'काळे' म्हणते ते तिथली माणसं स्वतःला म्हणतात त्या अर्थाने. आपल्या घरांत जो शब्द चालतो, तो मी लिहिणार नाही.)

कष्टापासूनच सुरुवात करू, कारण त्याची चाचणी घेता येते. माणूस तोच ठेवायचा, शिक्षण तेच, अनुभव तोच, फक्त नाव बदलायचं. मग कष्टाचा मुद्दा आपोआप बाजूला पडतो, कारण कागदावर दोघांचे कष्ट सारखेच असतात. मॅरिआन बर्ट्रांड आणि सेंधिल मुलैनाथन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हेच केलं. बोस्टन आणि शिकागोतल्या सुमारे 1,300 जाहिरातींना त्यांनी जवळपास 5,000 बनावट रेझ्युमे पाठवले. काहींवर एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांत आढळणारी नावं, काहींवर लकीशा, जमाल अशी काळ्यांत आढळणारी. 2004 साली निष्कर्ष छापून आले. गोऱ्या नावाला एक फोन यायला सरासरी 10 अर्ज लागले, काळ्या नावाला 15. नुसत्या गोऱ्या नावाने जेवढा फायदा झाला, तेवढा मिळवायला रेझ्युमेत 8 वर्षांचा अनुभव वाढवावा लागला असता.

यातली एक गोष्ट मला त्या आकड्यापेक्षा जास्त टोचते. त्यांनी काही रेझ्युमे मुद्दाम सरस केले होते: जास्त अनुभव, मधे रिकामी वर्षं कमी, एखादं प्रमाणपत्र. गोऱ्या नावांना त्याचा चांगला फायदा झाला, काळ्या नावांना फारच थोडा. म्हणजे 'शिका, मेहनत करा, पुढे जा' हा जो सल्ला आपण सर्रास देतो, त्याचं फळ नाव बघून कमी-जास्त मिळत होतं.

दुसरा प्रयोग डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंचा. 2001 मध्ये मिलवॉकी शहरात त्यांनी कॉलेजच्या 4 मुलांना, 2 गोरे आणि 2 काळे, साध्या खालच्या पातळीच्या नोकऱ्यांसाठी प्रत्यक्ष पाठवलं. कपडे, बोलणं, कागद सगळं जुळवून. गोऱ्यांची एक जोडी, काळ्यांची एक. जोडीतला एक जण सांगायचा की अमली पदार्थाच्या गुन्ह्यात 18 महिने तुरुंगात होतो. ही भूमिका दोघं आळीपाळीने करायचे. गुन्हा नसलेल्या गोऱ्याला 34 टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणं आलं, तुरुंग सांगणाऱ्या गोऱ्याला 17 टक्के. काळ्याला, गुन्हा नसताना, 14 टक्के. गुन्हा असताना 5 टक्के. मधले दोन आकडे शेजारी ठेवून बघा: तुरुंगातून आलेला गोरा हा निष्कलंक काळ्याच्या पुढे होता.

जुनी गोष्ट आहे, आता सुधारलं असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचे. 2017 साली 1989 नंतरच्या अशा 28 प्रयोगांची एकत्र छाननी झाली. गोऱ्यांना काळ्यांपेक्षा सरासरी 36 टक्के जास्त बोलावणी येतात, आणि काळ्यांच्या बाबतीत 25 वर्षांत या फरकात घट दिसत नाही. त्यानंतर 2022 मध्ये आणखी एक मोठा प्रयोग छापून आला: अमेरिकेतल्या 108 बड्या कंपन्यांना 83,000 हून जास्त अर्ज. यात फरक कमी निघाला, सरासरी सुमारे 2 टक्के-बिंदूंचा, म्हणजे दर 100 अर्जांमागे सुमारे 2 बोलावणी कमी. पण तो सगळीकडे सारखा पसरलेला नव्हता. हुकलेल्या बोलावण्यांपैकी जवळपास निम्मी एकपंचमांश कंपन्यांमुळे हुकली होती. माझ्या धंद्यात हे महत्त्वाचं आहे. 'सगळा समाजच असा' म्हटलं की कुणालाच काही करावं लागत नाही. ठरावीक कंपन्यांत ठरावीक पायरीवर गळती होत असेल, तर तिथे जाऊन बघता येतं.

(हीच पद्धत आपल्याकडेही वापरली गेली. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी भारतातल्या 548 जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवले. 2007 मध्ये निष्कर्ष आले: सारखीच पात्रता असताना दलित आडनावाला पुढच्या पायरीवर जाण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या जवळपास दोनतृतीयांश, मुस्लिम नावाला एकतृतीयांश. अमेरिकेबद्दल ऐकताना मान डोलावणारे आपले लोक हा निष्कर्ष सांगितला की रेझ्युमे कसे बनवले होते याची चौकशी करू लागतात.)

आता मुख्य गोष्ट. भेदभाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक दुष्ट माणूस येतो, टेबलापलीकडून रंग बघून हाकलून देणारा. 17 वर्षांत असा माणूस मला 2-3 वेळाच भेटला. बाकी सगळं काम नियम करतात. सरळ, साळसूद, सगळ्यांना सारखे असलेले नियम. हे समजून घ्यायला 1971 चा एक खटला बघा, आमच्या क्षेत्रात नवीन आलेल्या प्रत्येकाला तो वाचायला देतात.

नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक पॉवर कंपनीचं एक वीज केंद्र होतं. 95 कामगार, त्यांत 14 काळे. केंद्रात 5 खाती, आणि काळ्यांना फक्त एकात घ्यायचे: 'लेबर', म्हणजे झाडलोट आणि हमाली. त्या खात्यातला सगळ्यात वरचा पगार इतर चार खात्यांतल्या सगळ्यात खालच्या पगारापेक्षा कमी. 1964 चा कायदा नोकरीच्या बाबतीत 2 जुलै 1965 ला लागू झाला. आता उघडपणे रंग बघता येईना. त्याच दिवशी, अगदी त्याच तारखेला, कंपनीने नियम आणला की वरच्या खात्यांत नव्याने यायचं तर दोन चाचण्या पास व्हा. एक बुद्धिमत्तेची, एक यांत्रिक आकलनाची. हायस्कूलच्या डिप्लोमाची अट आधीपासून होतीच. नियम सगळ्यांना सारखा! पण 1960 च्या जनगणनेप्रमाणे त्या राज्यात गोऱ्या पुरुषांपैकी 34 टक्क्यांनी हायस्कूल पूर्ण केलेलं, काळ्यांपैकी 12 टक्क्यांनी, आणि त्या 12 टक्क्यांच्याही शाळा वेगळ्या आणि भिकार ठेवलेल्या. गंमत म्हणजे अट येण्याआधी लागलेले, डिप्लोमा नसलेले गोरे कामगार वरच्या खात्यांत उत्तम काम करत होते. म्हणजे कोळसा हाताळायला डिप्लोमा लागत नव्हता, हे कंपनीच्याच हजेरीपटावर सिद्ध होत होतं.

14 पैकी 13 कामगार कोर्टात गेले. पहिलं नाव विली ग्रिग्ज यांचं. 8 मार्च 1971 ला सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला की हेतू काय होता हे पुरेसं नाही, परिणाम बघा. एखाद्या अटीमुळे एक गट मोठ्या प्रमाणात गळत असेल, तर ती अट त्या कामासाठी खरंच लागते हे मालकाने दाखवावं. नाही दाखवता आलं, तर अट गेली.

त्यातून 1978 साली सरकारी मार्गदर्शक नियम आले आणि त्यांत एक साधी कसोटी आली, चारपंचमांशाची. समजा 100 गोऱ्यांनी अर्ज केला, 50 निवडले. 100 काळ्यांनी केला, 30 निवडले. 30 भागिले 50, म्हणजे 60 टक्के. 80 च्या खाली आलं की घंटा वाजते. गुन्हा सिद्ध झाला असं नाही, पण बाई, आत जाऊन बघा, असा त्याचा अर्थ. माझं पोट या एका भागाकारावर चालतं.

एक उदाहरण सांगते. कंपनीचं नाव नको, मध्य जर्सीतलं मोठं गोदाम आहे, टर्नपाइक महामार्गाला लागून. रात्रपाळीच्या पॅकिंगच्या नोकऱ्या. भागाकार केला तर 80 च्या पुष्कळ खाली. मुलाखती घेणारा मॅनेजर पंजाबी, अत्यंत सज्जन, स्वतः 12 वर्षं तिथेच खोकी उचलून वर आलेला. मुलाखतीच्या पायरीवर गळती नव्हतीच. गळती त्याच्या आधी, ऑनलाइन अर्जातच होत होती. मी तो अर्ज स्वतः भरून पाहिला. एका पानावर खाली चौकोन होता: 'वैध ड्रायव्हिंग लायसन्स आहे का?' 'नाही' केलं की पडद्यावर धन्यवाद यायचं आणि अर्ज संपायचा. पॅकिंगवाला गोदामात गाडी चालवत नाही, फोर्कलिफ्टसुद्धा नाही. त्या भागात लायसन्स नसण्याचं मोठं कारण मात्र वेगळंच होतं. दंड भरायला पैसे नसले की लायसन्स निलंबित व्हायचं, निलंबित असताना कामावर जायला गाडी काढली की पकडायचे, आणखी दंड. नेवार्क-ट्रेंटनच्या गरीब वस्त्यांत हे घरोघरी. मी मॅनेजरला विचारलं, ही अट कशासाठी? त्याने चष्मा काढून स्क्रीन वाचला. म्हणाला, "हे असं आहे हे मलाच माहीत नव्हतं. फॉर्म माझ्या आधीच्या माणसाने केलाय." त्या आधीच्या माणसाने तो कुठल्यातरी ट्रक चालकांच्या अर्जावरून उचलला होता. दुष्ट माणूस शोधत बसला असतात, तर सापडला नसता.

म्हणून दर वेळी वरवर चांगला वाटणारा उपाय उपयोगी पडतोच असंही नाही. पेजरबाईंचे आकडे वाचून अनेक राज्यांनी अर्जातला 'कधी गुन्हा सिद्ध झालाय का?' हा चौकोनच काढून टाकला. कल्पना अशी की आधी माणूस बघा, मग चौकशी करा. न्यू जर्सीत हा कायदा 2015 ला लागू झाला. अमांडा अगन आणि सोंजा स्टार या दोघींनी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात चौकोन जाण्याआधी आणि नंतर मिळून सुमारे 15,000 बनावट अर्ज पाठवले. आधी, चौकोन असलेल्या कंपन्यांत, गोऱ्यांना काळ्यांपेक्षा 7 टक्के जास्त फोन येत होते. चौकोन गेल्यावर 43 टक्के जास्त. माहिती काढून घेतल्यावर मालकांनी ती नावावरून अंदाजाने भरून काढली. मी त्या कायद्याच्या बाजूने होते, अजूनही आहे, तुरुंगातून सुटलेल्या माणसाला दार उघडायलाच हवं. पण तो अभ्यास वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते.

आणि रेफरल. इथे नोकऱ्या ओळखीने लागतात. कंपनी बोनस देते: तुझ्या ओळखीचा माणूस आण, लागला की हजार-दोन हजार डॉलर घे. माणूस कुणाला आणणार? ज्याच्यासोबत क्रिकेट खेळतो त्याला. ज्या टीममध्ये आज काळा माणूस नाही, तिथे रेफरलने उद्याही येत नाही. कुणीच कुणाला नाकारलेलं नसतं. आपल्या आयटीतल्या अर्ध्या टीम तेलुगूभाषक का असतात आणि उरलेल्यांत सगळे एकाच कॉलेजचे का असतात, याचं उत्तरही तेच आहे. तुमच्या मुलाने घरी तक्रार केली असेलच.

इथपर्यंत नोकरीचं झालं. पण तुम्ही घराचंही बोललात, आणि खरी गोम तिथे आहे. लोक पगाराची तुलना करतात. पगार म्हणजे आजचा पाऊस, संपत्ती म्हणजे आडातलं पाणी. 2022 चे आकडे बघा. वर्षाचं उत्पन्न: गोऱ्या मधल्या कुटुंबाचं 81,060 डॉलर, काळ्याचं 52,860. (मधलं म्हणजे रांगेत बरोबर मध्यभागी उभं असलेलं. सरासरीत दोन-चार अब्जाधीश सगळा हिशेब बिघडवतात.) संपत्ती, म्हणजे घर, बचत, गुंतवणूक यांतून कर्ज वजा करून: गोऱ्याची 2 लाख 85 हजार डॉलर, काळ्याची 44,900. गोऱ्या कुटुंबाचा एक रुपया धरला तर काळ्या कुटुंबाची मिळकत 65 पैसे, पण गाठीचं फक्त 16 पैसे. उद्या सकाळी नोकरीतला सगळा भेदभाव जादूने नाहीसा झाला, तरी हे 16 पैसे 16 च राहतात.

ते 16 का? गुलामगिरी 1865 ला संपली तेव्हा मुक्त झालेल्या काही कुटुंबांना 40 एकरपर्यंत जमीन द्यायचा लष्करी हुकूम निघाला होता. त्याच वर्षी नव्या अध्यक्षांनी, अँड्र्यू जॉन्सन यांनी, जमिनी परत जुन्या मालकांना दिल्या. त्यांच्या बचतीसाठी त्याच साली एक बँक निघाली, ती 1874 मध्ये बुडाली आणि 61,000 हून जास्त खातेदारांचे पैसे अडकले. पण हे दीडशे वर्षांपूर्वीचं झालं, त्यापेक्षा आजोबांच्या पिढीतलं बघू. माझ्या मते आजची दरी समजायला 1935 ते 1968 ही वर्षं सगळ्यात महत्त्वाची आहेत. अमेरिकेचा मध्यमवर्ग सरकारने याच काळात घडवला, आणि काळ्यांना बाहेर ठेवून घडवला.

1935 मध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा आला, 1938 मध्ये किमान वेतनाचा. दोन्हींच्या बाहेर शेतमजूर आणि घरकामगार राहिले. रंगाचा उल्लेख कुठेही नाही! पण दक्षिणेत काळी माणसं मुख्यतः हीच दोन कामं करत. चार्ल्स ह्यूस्टन या काळ्या वकिलांनी सिनेटच्या समितीपुढे तेव्हाच सांगितलं होतं की ही चाळणी आहे, आणि बहुतेक काळे बरोबर गळतील एवढ्या मापाची भोकं तिला ठेवली आहेत.

1934 पासून सरकार घरकर्जाला हमी देऊ लागलं. त्याच सुमारास शहरांचे नकाशे रंगवले गेले. चांगली वस्ती हिरवी, धोक्याची लाल. काळी कुटुंबं राहतात ती वस्ती लाल, मग तिथे डॉक्टर राहत असला तरी. लाल भागात हमीचं कर्ज मिळणं जवळजवळ अशक्य. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी 1944 चा कायदा आला: शिक्षण, घरकर्ज, धंद्याला कर्ज. कागदावर सगळ्या सैनिकांना सारखा. कर्ज मात्र स्थानिक बँक देणार. 1947 मध्ये मिसिसिपी राज्यातल्या 13 शहरांत या योजनेखाली 3,200 हून जास्त कर्जं दिली गेली. काळ्या सैनिकांना किती? 2.

आता दोन सैनिक डोळ्यांपुढे आणा. दोघं 1946 ला युरोपातून घरी आले, दोघांच्या छातीवर तेच पदक. गोरा न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनला गेला, तिथे 1949 मध्ये नवं घर 7,990 डॉलरला मिळत होतं, सैनिकाला जवळपास काही न भरता. काळा तिथे गेलाच नाही, कारण तिथे गोऱ्यांखेरीज कुणाला घर देत नव्हते, सुरुवातीच्या करारांत तर तसं कलमच होतं. तो शहरात लाल वस्तीत भाड्याने राहिला. पुढे 20 वर्षं दोघांनी दर महिन्याला पैसे भरले. एकाचा हप्ता घरात मुरला, दुसऱ्याचं भाडं घरमालकाच्या खिशात गेलं. 1968 मध्ये घरांबाबतच्या भेदभावावर बंदी आली, तोवर उपनगरातल्या घरांच्या किमती चढल्या होत्या. गोऱ्या सैनिकाने घर तारण ठेवून मुलाला कॉलेजात घातलं, नातवाला डाउन पेमेंट दिलं. काळ्या सैनिकाच्या नातीने कर्ज काढून शिक्षण घेतलं. 2008 चे पदवीधर बघा: पदवीच्या दिवशी काळ्या विद्यार्थ्यावर गोऱ्यापेक्षा सरासरी 7,400 डॉलर जास्त कर्ज होतं, 4 वर्षांनी हा फरक सुमारे 25,000 झाला. पदवी तीच, नोकरीही कदाचित तीच.

आणि हा पैसा परत नोकरीच्या दारात येऊन उभा राहतो. बिनपगारी इंटर्नशिप कोण करू शकतं? बापाकडे भाडं भरायला पैसे असलेला. गाडी बंद पडली तर 900 डॉलर कोण काढून देतं? नाही दिले तर दोन खाडे, तिसऱ्याला नोकरी गेली. काही मालक उमेदवाराचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जं-बिलं वेळेवर फेडली की नाही याची नोंद, बघतात. कॅलिफोर्निया, इलिनॉयसारख्या राज्यांनी त्यावर बंधनं आणलीत, सगळ्यांनी नाही. थकलेलं हॉस्पिटलचं बिल हे बेजबाबदारपणाचं लक्षण म्हणून वाचलं जातं.

आता 'आपली मुलं'. मला राग येत नाही, मीही त्यातलीच आहे. पण तुलना कुणाची कुणाशी करतो ते बघा. 1923 साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. मिळालेल्यांचंही काढून घेतलं. 1946 मध्ये वर्षाला 100 भारतीय घ्यायचे ठरले. शंभर! दार खऱ्या अर्थाने उघडलं ते ऑक्टोबर 1965 च्या कायद्याने. त्याच उन्हाळ्यात काळ्यांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा झाला होता. वंशावरून माणूस मोजायचा नाही ही हवा काळ्या लोकांनी रस्त्यावर लाठ्या खाऊन, कुत्रे अंगावर घेऊन तयार केली. त्या हवेत आपली विमानं उतरली.

उतरलं कोण, तेही बघा. त्या कायद्याने डॉक्टर-इंजिनिअरांना प्राधान्य दिलं, 1990 नंतर एच-1बी आला. म्हणजे कोट्यवधींतून आधी बोर्डाने चाळले, मग प्रवेश परीक्षेने, मग कंपनीने, मग व्हिसाच्या अधिकाऱ्याने. चार चाळण्यांतून आलेला दाणा घ्यायचा आणि तो अख्ख्या पोत्याशी ताडून बघायचा, हा हिशेब नाही. अमेरिकेत नायजेरियातून आलेल्यांचं शिक्षणही असंच सरासरीहून बरंच वर असतं, आणि ते तर काळेच आहेत. तुमच्या मुलाची फी कुणी भरली, हाही एक साधा प्रश्न. पुण्यातला फ्लॅट किंवा गावचं शेत असेल, सरकारी कॉलेजची सवलतीची फी असेल. तेच ते आडातलं पाणी.

संस्कार, कुटुंब वगैरे म्हणणाऱ्यांसाठी एकच अभ्यास सांगते. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जवळपास एका अख्ख्या पिढीच्या उत्पन्नाच्या नोंदी तपासल्या. आईवडिलांची मिळकत सारखी असलेले काळे आणि गोरे मुलगे, एकाच वस्तीत वाढलेले. 99 टक्के वस्त्यांत काळ्या मुलाची मोठेपणीची कमाई गोऱ्यापेक्षा कमी. मुलींत मात्र असा फरक जवळपास नव्हता. घरचे संस्कार हेच कारण असतं, तर त्याच घरातली बहीण कशी सुटली?

सुधारणा झालीच नाही असं मी म्हणत नाही. साउथ कॅरोलायनाच्या कापड गिरण्यांत 1964 पर्यंत काळे कामगार नावापुरतेच होते, कायदा येताच काही वर्षांत हजारो लागले. 1966 च्या दुरुस्तीने किमान वेतन शेती, हॉटेलं, शाळा, शुश्रूषागृहं यांना लागू झालं, आणि त्या काळात काळ्या-गोऱ्यांच्या कमाईतली जी दरी कमी झाली, तिच्या पाचव्या हिश्शाहून जास्त श्रेय या एका दुरुस्तीला जातं, असं अलीकडे दाखवलं गेलंय. दोन्ही वेळा कुणाचं मन बदललं नव्हतं, नियम बदलला होता. मग गाडी अडली. कारखान्यांची दारं काळ्यांना उघडली, आणि थोड्याच वर्षांत कारखानेच बंद पडू लागले. तुम्ही ट्रेंटनला डेलावेअर नदीवरच्या पुलावरची मोठी अक्षरं वाचली असतील: ट्रेंटन बनवतं, जग घेतं. आता ट्रेंटन फारसं काही बनवत नाही. राष्ट्रीय किमान वेतन जुलै 2009 पासून तासाला 7.25 डॉलरवर थांबलंय. नोंदी सुरू झाल्यापासून काळ्यांतली बेकारी गोऱ्यांच्या साधारण दुप्पट राहिली आहे, तेजी असो की मंदी. आणि जानेवारी 2025 मध्ये सरकारी कंत्राटदारांवर भरतीचा हिशेब ठेवायची सक्ती करणारा 1965 चा अध्यक्षीय आदेश रद्द झाला. एप्रिलमध्ये सरकारी खात्यांना सांगण्यात आलं की 'परिणाम बघा' या तत्त्वावरच्या कारवाया मागे ठेवा. ते तत्त्व 1991 पासून कायद्यातच लिहिलेलं आहे, त्यामुळे खाजगी खटले चालू राहतील. पण माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांनी वसंत संपेपर्यंत फोन करून विचारलं, आता हे सगळं करायलाच हवं का?

शेवटी ट्रेनिंग. खरं सांगू? 2 तासांच्या सक्तीच्या ट्रेनिंगचा फार उपयोग होत नाही. समाजशास्त्रज्ञांनी 700 हून जास्त कंपन्यांच्या 30 वर्षांच्या नोंदी तपासल्या, त्यात ट्रेनिंगचा परिणाम अगदीच किरकोळ निघाला. सगळ्यात बरं चाललं ते एका गोष्टीने: भरतीच्या आकड्यांची जबाबदारी नाव घेऊन कुणावर तरी टाकली तेव्हा. माझा अनुभवही तोच. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, गुण लगेच लिहायचे, आपसात बोलायच्या आधी. जागा रेफरलबरोबर बाहेरही जाहीर करायची. आणि अर्जातली प्रत्येक अट वाचून विचारायचं, ही इथे कशाला आहे?

त्या गोदामात लायसन्सचा चौकोन काढायला आयटीला 20 मिनिटं लागली, परवानगी मिळायला 7 आठवडे. पुढच्या तिमाहीत भागाकार 80 च्या वर गेला. त्या पंजाबी मॅनेजरचा फोन आला. मला वाटलं आभार मानायला केला असेल. तो म्हणाला, "मॅडम, दिवसपाळीचा फॉर्म वेगळा आहे. तो पण त्याच माणसाने केलाय."